पाकटाला हात लावू द्यावा का?

प्रश्न: ताई, उन्हाळ्यात आम्ही शिकागोला दिरांकडे जातोय. तिकडच्या अ‍ॅक्वेरियममध्ये स्टिंगरेला हात लावू देतात, खाऊपण घालू देतात म्हणे. आमचं पोट्टं ७ वर्षांचं, आत्तापासूनच नाचून राहिलंय. पण त्या टीव्हीवरच्या मगरवाल्या स्टीव्ह अर्विनचा जीव याच माशाने घेतला ना? आणि परत आल्यावर घरी पाळायचा म्हणतोय.
— एक आई, धरमपेठ, नागपूर

उत्तर: अहो जाऊ द्या त्याला. स्टिंगरे म्हणजे कोकणातलं पाकट, चपटा, लांब शेपटीचा मासा. अर्विन २००६ मध्ये गेले ते खुल्या समुद्रात, त्याच्या शेपटीवरचा काटा थेट छातीत घुसला म्हणून. हात लावायच्या टाकीतल्या पाकटांचे काटे बहुतेक ठिकाणी कापलेले असतात, आपण नखं कापतो तसे, आणि नखांसारखेच वाढतात म्हणून पुन्हा पुन्हा कापावे लागतात.

मला काळजी वाटते ती त्या माशाची. मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा ओल्या साबणाच्या वडीसारखं बुळबुळीत लागलं, तो बुळबुळीत थरच त्याला आजारापासून वाचवतो, म्हणून आधी पोराच्या हाताचं क्रीम, सनस्क्रीन सगळं धुऊन काढा. दोनच बोटं, पंखांवर, हलकीशी. शेपटी नाही, डोळे नाही, डोळ्यांमागची छिद्रं तर अजिबात नाही, तळाशी बसलं की ते तिथूनच श्वासाचं पाणी ओढतं. मागे मागे हात घालायचा नाही, पाण्यात हात सपाट ठेवून गुपचूप थांबायचं, त्याला यायचं असलं की येतंच.

खाऊ घालताना खरी मजा. डोळे वर आणि तोंड खाली, त्यामुळे घास त्याला दिसतच नाही, वासावर शोधतं. माशाचा तुकडा दोन बोटांच्या बेचक्यात धरायचा, तळवा वर, अंगठा आत दुमडलेला. ते हातावरून सरकत येतं आणि घास सुर्रकन ओढून घेतं, व्हॅक्युम क्लीनर लावल्यासारखं वाटतं! दात शिंपले फोडायचे असतात, म्हणून बोटं मधे नकोत.

एक मात्र बघा. शिकागोजवळच्याच ब्रुकफिल्ड झूमध्ये जुलै २०१५ मध्ये अशाच टाकीतल्या पाण्यात ऑक्सिजन कमी पडला आणि ५४ पाकटं मेली, मला अजून वाईट वाटतं. टाकीजवळ लक्ष ठेवणारं कोणी नसलं, गर्दी त्यांना ओढत-दाबत असली, तर पोराला घेऊन सरळ पुढे जा.

घरी पाळायचं म्हणाल तर नाहीच. दुकानात मिळतं ते दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधलं, काट्यात विष असतं, आणि वाढून परातीएवढं झालं की हॉलमधल्या काचेच्या पेटीत त्याला वळायलाही जागा उरत नाही.