सिलिंडर सोडून पाइपच्या गॅसवर आलो, जुना डिटेक्टर चालेल का?

आहे त्या जागी तर अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय की गिरगावात पोटमाळ्याच्या गाळ्यात खाणावळ आहे, आतापर्यंत १९ किलोचे सिलिंडर होते, आता महानगर गॅसची लाइन आली आणि जमिनीपासून वीतभर वर लावलेला डिटेक्टर तसाच ठेवायचा विचार आहे.

एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की ओट्याखाली, मोरीच्या जाळीत जाऊन बसतो, म्हणून डिटेक्टर खाली लावतात. पाइपमधला मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, तो थेट वर जातो. तुमच्याकडे वर पोटमाळा! एक डिटेक्टर भटारखान्याच्या छतापासून फूटभर खाली आणि एक पोटमाळ्यावर, हा खर्च वाचवू नका. रात्री पोरं तिथे झोपत असतील तर ते आधी बंद करा. कुर्ल्यात २०१५ साली हॉटेलच्या आगीत ८ जण गेले, ते पोटमाळ्यावरच अडकले होते.

नुसता वर सरकवूनही भागत नाही. एलपीजी हवेत २ टक्क्यांच्या आसपास पेट घेतो, मिथेन ५ टक्क्यांना. अलार्म सहसा त्याच्या पाचव्या हिश्श्यावर, म्हणजे मिथेनला १ टक्क्यावर ठेवतात. जुना सेन्सर एलपीजीवर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे त्या गॅसच्या मापाने जुळवलेला असेल तर त्याचा आकडा मिथेनला लागू होत नाही. बसवणारा माणूस लायटर दाबून ‘बघा, वाजतोय’ म्हणेल. लायटरमध्ये ब्युटेन असतो, त्यातून मिथेनचं काहीच कळत नाही. टेस्ट गॅसची, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात मिथेन असलेली बाटली आणायला लावा आणि कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट मागा.

आणि नुसता वाजणारा डिटेक्टर मला अर्धवटच वाटतो. गाळ्याला कुलूप असताना ऐकणार कोण? त्याला सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे गॅसच्या लाइनवरची विजेवर चालणारी झडप जोडा. अलार्म झाला किंवा वीज गेली की गॅस बंद. मात्र रिसेट हातानेच करायचा असलेला घ्या. नाहीतर वीज आली की उघड्या राहिलेल्या शेगडीतून गॅस सुटतो.

आचाऱ्याला मात्र याचा जाच होणार. फोडणीच्या धुराने, ओटा पुसायच्या स्पिरिटने वाजला की कोणीतरी त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधतं. म्हणून तो शेगडीच्या बरोबर डोक्यावर नको, थोडा बाजूला हवा. वाजल्यावर लगेच एक्झॉस्टचं बटण दाबायची सवयही मोडा, त्या ठिणगीनेच भडका उडू शकतो. बटणाला हात न लावता मुख्य कॉक बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या, सगळे बाहेर, मग रस्त्यावरून १०१.

अजून काही दिवस सिलिंडरही राहणार असतील तर खालचा डिटेक्टर काढू नका.