सहा जण झोपतील हो, पण आंघोळीचं काय?

प्रश्न : ताई, आम्ही सहा जण कॉलेजपासूनचे मित्र, वयं ३६ ते ४३. दोन जोडपी, मी आणि माझी एक मैत्रीण. मुलांना घरी ठेवून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पाच रात्री फ्लोरिडातल्या वॉल्ट डिझ्नी वर्ल्डला जायचं ठरलं आणि हॉटेलवर गाडी अडली. एका जोडप्याला डिझ्नीचं महागडं ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलच हवं. दुसऱ्या जोडप्यातल्या तिची नोकरी नुकतीच गेलीय. ती ग्रुपवर फक्त 'मला काहीही चालेल' लिहिते. तिच्या नवऱ्याचा गुडघा दुखरा आहे. सगळ्यांना डिझ्नीच्या एपकॉट पार्कमधल्या संध्याकाळी हव्यात, दोघांना युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कांतले रोलर कोस्टरही. मधला मार्ग म्हणून मी डिझ्नीच्याच आर्ट ऑफ ॲनिमेशन हॉटेलातला सहा जणांचा फॅमिली स्वीट सुचवला, तर कोणी हो म्हणेना की नाही म्हणेना. माझी मैत्रीण घोरते ते वेगळंच. बुकिंग माझ्याकडे, म्हणून वाईटपणाही माझ्याकडेच. काय करू?
— मधल्यामधे अडकलेली

उत्तर : तुझा स्वीट आधी निकालात काढू. कोणी हो म्हणेना याचं कारण त्याच्या नकाशातच आहे.

दार बंद होईल अशी बेडरूम त्यात एकच, तिच्यात एक क्वीन बेड. बाहेरच्या खोलीत रात्री पलंग होणारा सोफा आणि जेवणाचं टेबल, ज्याच्या जागी भिंतीतला पलंग खाली येतो. बाथरूम दोन. 'सहा जणांची सोय' म्हणजे आईबाबा आत आणि पोरं बाहेर, असा तो हिशेब आहे. तुमच्यात काय होईल बघ. एक जोडपं दाराआड, दुसरं सोफ्यावर आणि तू घोरणाऱ्या मैत्रिणीबरोबर टेबलाच्या जागी. वर भाडं सगळ्यांना सारखं! पलंग उघडले की सोफा नाही आणि टेबलही नाही, म्हणजे ज्या गप्पांसाठी एकत्र राहायचं त्यांनाच बसायला जागा नाही. सकाळी माणशी वीस मिनिटं धरलीस तरी दोन बाथरूमना तास लागतो, आणि तुम्हाला तर हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कमध्ये मिळणाऱ्या लवकर प्रवेशाची वेळ गाठायची असणार. मोठ्या माणसांच्या सहलीत खोलीत किती मावतात हे मोजू नये. पलंग किती, दारं किती आणि बाथरूम किती, हे मोजावं.

पैसेही फारसे वाचत नाहीत. बहुतेक तारखांना या स्वीटचं भाडं शेजारच्याच पॉप सेंच्युरी हॉटेलातल्या दोन साध्या खोल्यांच्या आसपास जातं, कधी वरही. शिवाय डिझ्नीच्या हॉटेलांत खोलीचं भाडं दोन प्रौढांचं धरलेलं असतं. अठरा वर्षांवरचा तिसरा माणूस आला की दर रात्री वेगळी रक्कम चढते. कुटुंबांना हे जाणवत नाही, मित्रांच्या गटाला बिलात दिसतं.

तेव्हा माझा कौल पॉप सेंच्युरीच्या तीन साध्या खोल्यांना. प्रत्येक खोलीत एक क्वीन बेड आणि टेबलाच्या जागी खाली येणारा दुसरा क्वीन बेड. जोडप्यांना दुसरा उघडायची गरज नाही. तुम्हा दोघींना स्वतंत्र पलंग मिळतात. बेसिन शॉवरपासून सरकत्या दाराने वेगळं केलेलं आहे, त्यामुळे एकीची आंघोळ चालू असताना दुसरीचं आवरून होतं. खोल्या लहान आहेत हे खरं, आणि इमारतींवर टांगलेली महाकाय खेळणी पाहून ग्रँड फ्लोरिडियनवाल्यांचं नाक मुरडेल. मुरडू दे.

पॉप सेंच्युरी निवडायचं खरं कारण स्कायलायनर. २०१९ पासून चालू असलेले हे हवेतले पाळणे पॉप आणि आर्ट ऑफ ॲनिमेशनच्या मधल्या तलावावरच्या स्थानकातून निघतात, कॅरिबियन बीच हॉटेलपाशी बदलावे लागतात, आणि तिथून एक फाटा हॉलिवूड स्टुडिओज पार्कला, दुसरा एपकॉटच्या मागच्या दाराशी जातो. हे मागचं दार फ्रान्स आणि इंग्लंडच्या दालनांमध्ये उघडतं, म्हणजे थेट वर्ल्ड शोकेसमध्ये. अकरा देशांची दालनं, त्यांची उपाहारगृहं आणि पेयांचे ठेले तिथेच. तुम्हाला एपकॉटच्या संध्याकाळी हव्यात म्हणजे हेच हवंय ना? रात्री आतषबाजी संपल्यावर लोकांचा मोठा लोंढा पुढच्या दाराकडे वळतो, तुम्ही मागच्या दाराने पाळण्यात. एका पाळण्यात दहा माणसं मावतात, तुमचे सहा सहज एकत्र. हॉटेल ते एपकॉट रांग सोडून वीस-पंचवीस मिनिटं धर. मॅजिक किंग्डम आणि ॲनिमल किंग्डम या दोन पार्कांना मात्र बसनेच जावं लागेल.

याची दुखरी बाजूही ऐकून ठेव. पाळण्यात एसी नाही, आणि जवळपास विजा चमकल्या की सेवा थांबते. ऑगस्टमध्ये फ्लोरिडात दुपारी-संध्याकाळी गडगडाटी पाऊस जवळजवळ रोजचाच. त्यामुळे टेबल राखून ठेवलं असेल त्या दिवशी तासभर हाताशी ठेवून निघा किंवा सरळ टॅक्सी करा. टॅक्सी मागवताना सहा जणांची मोठी गाडी निवड. साध्या गाडीत चौघंच बसतात आणि मग पावसात 'तुम्ही पुढे व्हा' सुरू होतं. विमानतळावरून येतानाही हेच लक्षात ठेव. डिझ्नीची मोफत विमानतळ बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली.

आता गुडघा. गटातलं कोणीच यावर बोललेलं दिसत नाही, आणि नेमकं इथेच मध्यम दर्जाची हॉटेलं फसवतात. कॅरिबियन बीच हे स्कायलायनरचं मुख्य स्थानक म्हणून मोहात पाडेल, पण त्याच्या दुमजली इमारती तलावाभोवती दूरदूर पसरलेल्या आहेत आणि त्यांना लिफ्ट नाही. पोर्ट ऑर्लीन्स रिव्हरसाइडच्या अलिगेटर बायू भागातही लिफ्ट नाही. कोरोनाडो स्प्रिंग्जमध्ये २०१९ चा ग्रॅन डेस्टिनो टॉवर मोठ्या माणसांसाठी छान आहे, लिफ्ट आहे, वरच्या मजल्यावर उपाहारगृह आणि बार आहे. पण तिथून सगळीकडे बस. टॉवरचं ठरवून बुकिंग केलं नाही तर तळ्याच्या पलीकडची खोली हाती येते आणि न्याहारीलाही पायपीट. पोर्ट ऑर्लीन्सचं फ्रेंच क्वार्टर मध्यम हॉटेलांत सर्वांत आटोपशीर, डिझ्नी स्प्रिंग्ज या दुकानं-उपाहारगृहांच्या भागात होडीने जाता येतं, गुडघ्याला बरं. एपकॉटला मात्र बसनेच.

पॉप सेंच्युरीच्या इमारतींना लिफ्ट आहे. त्या जोडप्यासाठी 'प्रिफर्ड' प्रकारची खोली घे. ती मुख्य इमारतीजवळ असते, म्हणजे जेवण आणि बसथांबा जवळ. थोडे जास्त पैसे पडतात, ते सहाजणांत वाटून घ्या असं मी म्हणेन. पार्कच्या दिवसात दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं, तेव्हा त्याने बॅटरीवर चालणारी भाड्याची स्कूटर घ्यायला लाजू नये. स्कायलायनरच्या स्थानकांवर चाकाची खुर्ची आणि स्कूटर चढवायला पाळणा थांबवून ठेवायची वेगळी सोय असते. स्कूटर पहिल्या दिवशीच घ्यावी. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजल्यावर घेतली तर ते वरातीमागून घोडं.

गटातल्या सगळ्यांच्या बजेटचा आकडा थोडा मोठा निघाला, तर एक पर्याय पॉपपेक्षा सरस आहे : स्वॉन, डॉल्फिन आणि २०२१ चं स्वॉन रिझर्व्ह. तिथून एपकॉटचं मागचं दार आणि हॉलिवूड स्टुडिओज दोन्ही चालत किंवा होडीने गाठता येतात. ही हॉटेलं मॅरियट चालवतं, कोणाकडे त्यांचे पॉइंट साठले असतील तर विचार. फक्त तिथे दिसणाऱ्या भाड्यावर दर रात्रीचं रिसॉर्ट शुल्क आणि गाडी असेल तर पार्किंग वेगळं लागतं. डिझ्नीच्या स्वतःच्या हॉटेलांत ही दोन्ही नाहीत. तुलना शेवटच्या रकमेची कर.

ग्रँड फ्लोरिडियनवाल्यांना काय सांगायचं? हॉटेल देखणं आहे, मॅजिक किंग्डमला मोनोरेल आहे. पण एपकॉटसाठी मोनोरेल बदलायची आणि पोचायचं ते पुढच्या दाराशी, वर्ल्ड शोकेसच्या दुसऱ्या टोकाला. अर्धा तास लवकर प्रवेश सगळ्याच पार्कांना आहे आणि तो स्वस्तातल्या स्वस्त खोलीलाही मिळतो. लायटनिंग लेन, म्हणजे पैसे देऊन मिळणारी छोटी रांग, सात दिवस आधी राखण्याची मुभाही डिझ्नीच्या सगळ्या हॉटेलांना सारखी. बाहेर राहणाऱ्यांना तीनच दिवस आधी. महागड्या हॉटेलांना जास्तीचं मिळतं ते काही ठरावीक रात्री पार्क बंद झाल्यावरचे दोन तास. ते वरच्या तिन्ही मॅरियट हॉटेलांनाही मिळतात.

एवढं ऐकूनही त्यांना तेच हवं असेल तर त्या दोघांनी तिथे राहावं. यात मैत्रीचा अपमान नाही. फक्त एक अडचण आधीच सांगून ठेव : एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट बस नाही. कुठल्यातरी पार्कला किंवा डिझ्नी स्प्रिंग्जला जाऊन बदलावी लागते. 'रात्री तुमच्या स्विमिंग पूलवर येतो' म्हणणारे एक-दोनदाच येतात. त्यामुळे भेटायची जागा पार्कमध्येच ठरवा.

आता तुझं खरं दुखणं, पैसे. 'मला काहीही चालेल' या वाक्याचा अर्थ बहुतेकदा 'मला चारचौघांत विचारू नका' असा असतो. ग्रुपवर मतदान घेऊ नकोस. तिथे तिला एकतर खोटं बोलावं लागेल किंवा लाज गिळावी लागेल. प्रत्येकाला वेगळं विचार, आणि दर रात्रीचा आकडा विचारू नकोस. 'विमान सोडून, तिकिटं-जेवण-राहणं धरून तुझ्या खिशातून एकूण किती?' असं विचार. कोणी किती सांगितलं ते कोणालाही कळवायचं नाही. सर्वांत लहान आकड्यात जे बसतं ते गटाचं हॉटेल. ज्याला वर जायचंय त्याने स्वतःच्या खर्चाने जावं, बाकीच्यांना ओढू नये.

हिशेब माणशी करू नकोस, खोलीवार कर. समजा खोलीचं भाडं २४० डॉलर. त्यावर साडेबारा टक्के कर धरला की २७० होतात, पाच रात्रींचे १३५०, दोघांत ६७५. माणशी समान वाटायची ती फक्त खरोखर सामाईक गोष्ट : मोठी टॅक्सी, पाण्याच्या बाटल्या, ती प्रिफर्ड खोलीची वाढ.

बुकिंग तू एकटीने करायचं नाही. ज्याची खोली त्याच्या नावावर, त्याच्या कार्डावर. पार्कमधला खर्च खोलीच्या खात्यावर टाकता येतो, आणि तिन्ही खोल्या तुझ्या नावावर असल्या तर सहा जणांची मगभर पेयं तुझ्या कार्डावर चढतील. स्वतंत्र बुकिंग केल्यावर डिझ्नीच्या ॲपमध्ये एकमेकांना जोडून घ्या आणि खोल्या जवळ हव्यात अशी विनंती नोंदवा. ती विनंतीच असते, हमी नव्हे.

नोकरी गेलेल्या मैत्रिणीने खोली आणि तिकिटं एकत्र असलेलं पॅकेज घेऊ नये, फक्त खोली घ्यावी. फक्त खोलीला एका रात्रीचे पैसे आगाऊ लागतात आणि पाच दिवस आधीपर्यंत रद्द केली तर ते परत मिळतात. पॅकेजचे पूर्ण पैसे तीस दिवस आधी भरावे लागतात आणि त्यानंतर रद्द केलं तर २०० डॉलर कापले जातात. अगदी शेवटच्या दोन दिवसांत त्याहून जास्त जाऊ शकतात. पार्कच्या तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून तिने तिकीट शेवटी घ्यावं. पण लायटनिंग लेन सात दिवस आधी उघडते, त्याच्या आधी. वाट पाहण्यात भाव चढायचा धोका आहे, तोही तिला सांग. जेवणाची टेबलं साठ दिवस आधी उघडतात. सहा जणांचं टेबल मुश्किलीने मिळतं, तेव्हा हे काम मात्र एकाच माणसाकडे ठेवा, आणि या वेळी तो माणूस तू नसावीस.

युनिव्हर्सलसाठी सगळ्यांना ओढायची गरज नाही. हौस असलेल्या दोघांनी पाचातली एक रात्र रॉयल पॅसिफिक, हार्ड रॉक किंवा पोर्टोफिनो बे यांपैकी एकात काढावी. युनिव्हर्सलच्या या तिन्ही हॉटेलांत खोलीतल्या प्रत्येकाला छोट्या रांगेचा एक्सप्रेस पास भाड्यातच मिळतो, आणि तो येण्याच्या आणि निघण्याच्या दोन्ही दिवशी चालतो. म्हणजे एका रात्रीत दोन दिवस. सकाळी लवकर जाऊन काउंटरवर नोंद करायची. खोली दुपारी मिळाली तरी पास आधी हातात येतो. तिकीट मात्र वेगळं लागतं, आणि हा पास युनिव्हर्सल स्टुडिओज व आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरलाच लागू आहे. मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्सला नाही. त्यांना तेच बघायचं असेल तर महाग हॉटेलाचा हा फायदा शून्य.

आणि घोरणं. तिला स्पष्ट विचार की अर्ध्या भाड्याऐवजी पूर्ण भाडं देऊन एकटी राहायला तिला आवडेल का, किंवा तूच तशी राहा. दोघींनाही नको असेल तर कानात घालायचे फोमचे बोळे दोन जोड घे, एक उशीखाली राहून जातो. खाली येणारा पलंग तिला दे, खोलीतला कायमचा तू घे. बदल्यात सकाळी बाथरूमचा पहिला नंबर तिचा.