जुनं पुसायच्या मागे लागू नका
एखादं काम करायची जुनी पद्धत बदलताना, आधीचं सगळं विसरून नव्याने सुरुवात करा, असं कुणी सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नका. शिकलेलं असं पुसता येत नाही. स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, म्हणजे काहीतरी आत उरलेलं असतंच. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हने कुत्र्यांना इशाऱ्यानंतर खाणं देऊन नुसत्या इशाऱ्यावर लाळ गाळायची सवय लावली होती. पुढे खाणं न देता इशारा देत राहिल्यावर ती लाळ गळणं थांबलं, तरी मध्ये वेळ गेल्यावर ते आपोआप परतलं. तेव्हा नवी पद्धत जुनीच्या शेजारी रुजवा: हळू, रोज, आणि मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी. घाईत किंवा दमल्यावर जुनी डोकं वर काढेलच. तेव्हा स्वतःवर चिडू नका. थांबा आणि तेवढाच भाग नव्या पद्धतीने पुन्हा करा.