चिठ्ठी मिळाली, पुढं काय?

प्रश्न : डॉक्टरकाकू, मी मूळचा तासगावचा, सध्या पुण्यात आयटीत. आईला 12 वर्षं शुगर आहे. मागच्या दिवाळीत तिला उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं, तेव्हा कळलं की डोळ्याचा पडदा कधीपासून खराब होत होता. नोकरी सोडून दोन मित्रांबरोबर कंपनी काढायचा विचार आहे. गावोगाव छोट्या कॅमेऱ्यानं पडद्याचा फोटो काढायचा, एआयनं तपासायचा आणि जागेवर निकाल द्यायचा. पैसा कमवणं हा हेतू नाही, पण कंपनी टिकली तर पाहिजे. डेटा कुठून मिळवू? नावं काढून टाकली की तो वापरायला हरकत नाही ना? ट्रस्ट करू की प्रायव्हेट लिमिटेड?
– एक वाचक

उत्तर : काकू म्हणालास, म्हणून अरे-तुरेवर येते. मी 26 वर्षं मिरजेत डोळे तपासते. तुझ्या आईसारख्या बायका आठवड्याला दोन-तीन तरी येतात, आणि बहुतेक वेळा उशिराच येतात. त्यामुळं तुझी तळमळ कळते. पण तू जे अवघड समजतोयस, ते बरंचसं होऊन गेलंय, आणि खरं अवघड आहे त्याचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही.

पडद्याचा फोटो बघून यंत्र आजार ओळखू शकतं, हे गूगलच्या लोकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं. त्यांनी 1,28,175 फोटो वापरले होते, त्यातले काही आपल्याकडच्या तीन नेत्र रुग्णालयांतले. मला त्यातली एक गोष्ट फार पटली. फोटो तपासायला 54 डॉक्टर होते आणि एकेक फोटो 3 ते 7 वेळा तपासला गेला. का, तर आम्हा डॉक्टरांचं एकमेकांशी पटत नाही. मी ‘सुरुवात आहे’ म्हणते, शेजारचे डॉक्टर ‘काही नाही’ म्हणतात. म्हणजे डेटा डेटा म्हणतोस त्यात फोटो निम्माच असतो, उरलेला निम्मा म्हणजे त्यावर कुणी काय शेरा मारला ते.

मग हेच यंत्र थायलंडच्या दवाखान्यांत नेलं. 2020 मध्ये त्याचा अहवाल आला. पाचव्या हिश्श्याहून जास्त फोटो यंत्रानं नाकारले, एक मोठं कारण म्हणजे खोलीत पुरेसा अंधार नव्हता. इंटरनेट रखडायचं. नर्स वैतागल्या. मला वाचताना हसू आलं, कारण हे सगळं आम्ही वाळवा तालुक्यात भोगलं होतं.

एका कंपनीनं (नाव सांगत नाही) मशीन आणलं होतं. शाळेच्या वर्गात मांडलं आणि खिडक्यांना ताडपत्री लावली, तरी कौलांतून ऊन यायचं. म्हाताऱ्या माणसांची बाहुली बारीक, त्यामुळं औषध घालून अर्धा तास बसवावं लागायचं. एका आजोबांना सांगितलं, आता दोन-तीन तास धुरकट दिसेल, गाडी चालवू नका. ते तसेच उठून गेले. संध्याकाळी मोटरची लाईट येणार होती आणि उसाला पाणी द्यायचं होतं. निम्म्या जणांना मोतीबिंदू, त्यांचे फोटो ढगाळ. यंत्र म्हणायचं, ‘फोटो अस्पष्ट, पुन्हा काढा’. अहो, अस्पष्ट येतोय हाच तर निकाल! पण मोतीबिंदू लिहायला त्या ॲपमध्ये जागाच नव्हती.

त्या दिवशी 23 जणांना चिठ्ठी दिली, मिरजेला या म्हणून. आल्या सहा जणी. उरलेल्यांची मी आशाताईंकडून चौकशी केली. एकीचा बेदाण्याच्या शेडवरचा रोज बुडणार होता. एकीला एसटीनं घेऊन येणारं कुणी नव्हतं. आणि एक मावशी म्हणाल्या, “फोटू काढला की त्यांनी. झालं की आता.” त्यांना वाटलं, तो फोटो म्हणजेच औषधोपचार. सहा महिन्यांनी कंपनीनं ते ॲप बंद केलं, आणि कुणाला परत बोलवायचं ती यादीही त्याबरोबर गेली. तेव्हापासून मी शंभर पानी वही ठेवते.

आता हिशेब कर. समज, 1000 शुगरवाले तपासलेस आणि त्यातल्या 50 जणांना खरोखर उपचार हवेत. तुझं यंत्र चांगलं आहे. आजारी शंभरातले 90 पकडतं, ठीक असलेल्या शंभरातल्या 90 जणांना ठीक म्हणतं. म्हणजे 45 सापडले, 5 निसटले. पण उरलेल्या 950 पैकी 95 जणांनाही तू मिरजेला धाडलंस, उगाच. चिठ्ठी घेऊन आलेल्या 140 पैकी 95 जणांना मी सांगणार, काही झालेलं नाही, घरी जा. ते गावात जाऊन काय सांगतील? मशीन खोटं बोलतंय. पुढच्या वेळी खरा आजारीही येणार नाही. हा हिशेब गुंतवणूकदाराच्या आधी सरपंचाला समजावून सांगता येतो का बघ.

डेटा कुठून आणायचा? रुग्णालयांकडून मिळेल, पण रीतसर, नीतिशास्त्र समितीच्या परवानगीनं. आयसीएमआरनं (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) 2023 मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती आधी वाच. पण आमच्या फायलींत कोण आहे? मिरजेपर्यंत पोचलेला माणूस. दिवाळीच्या आसपास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या टाकून राहतात, हंगाम संपला की जातात. त्यांची शुगर ना इथल्या नोंदीत, ना तिथल्या. अमेरिकेत एका यंत्राची अशीच गफलत 2019 मध्ये उघड झाली. कुणाला जास्त देखभालीची गरज आहे हे ते आधीच्या उपचारखर्चावरून ठरवायचं. कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी झालेला, म्हणून ते यंत्राला कमी आजारी वाटले. कोपीतल्या बाईचा खर्च शून्य आहे. अशा नोंदींवर बेतलेलं यंत्र तिला ठणठणीत म्हणेल.

नावं काढली की झालं असं मुळीच नाही. आटपाडीकडचं छोटं गाव, वय 41, बाई, दोन्ही डोळे गेलेले. एवढ्यावरून अख्खं गाव नाव सांगेल. 2023 चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो, माहिती वापरायची संमती मागताना द्यायची सूचना मराठीतही मिळायला हवी. ती मराठी तुझ्या आईला वाचून दाखव. तिला कळली नाही तर पुन्हा लिही. आणि हो, आजार ओळखणारं सॉफ्टवेअर हेही वैद्यकीय उपकरणच धरतात, 1 एप्रिल 2020 पासून. नोंदणी आणि परवान्याला वेळ जातो, तेवढा पगार हाताशी ठेव. त्याआधी नोकरी सोडू नकोस.

ट्रस्ट की कंपनी हे सीएला विचार. मला एवढंच कळतं की कंपनी कायद्याच्या कलम 8 खाली काढलेल्या सेवाभावी कंपनीत नफा वाटून घेता येत नाही, त्यामुळं हिस्सा मागणारा गुंतवणूकदार तिकडं फिरकत नाही. आणि प्रायव्हेट लिमिटेडमध्ये फिरकला, तर चार-पाच वर्षांत पैसे दामदुप्पट मागतो. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय 1976 मध्ये 11 खाटांवर सुरू झालं. पैसे देणाऱ्यांच्या जिवावर फुकटवाले तिथं आजही तपासले जातात. मला विचारशील तर फोटोचे पैसे घेऊच नकोस. माणूस उपचारापर्यंत पोचला, याचे घे. कुणाकडून, ते शोधणं हाच तुझा धंदा. त्यात आशाताईचा वाटा आधी धर. ती आधीच इतकी रजिस्टरं भरते की तुझं आणखी एक ॲप फुकटात उघडणार नाही, आणि उघडूही नये.

कोडिंगला बसण्याआधी महिनाभर कुठल्याही नेत्रविभागाच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर बस. कोण कुठून आलं, कुणाबरोबर आलं, किती रोज बुडवून आलं, एवढंच लिहून काढ. लॅपटॉप नको.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आईच्या उजव्या डोळ्याबद्दल लिहिलंयस. डावा शेवटचा कधी दाखवलास? पडदा खराब झाला तर सहसा दोन्हीकडं होतो. ह्याच आठवड्यात घेऊन ये. येताना गाडी तू चालव, आणि औषध घातल्यावर तिला उन्हात चालवू नकोस.