पोराचं नाव सुमन

"बाई, पोराचं नाव पोरीवानी ठेवून बसलो. पोट्टे चिडवून राहिले त्याले. मोठेपनी हा बायकी तं नाही होनार?"

चांदूर बाजार, अचलपूर, मोर्शी या पट्ट्यात मी सोळा वर्षं समुपदेशन करते आहे. आठवडी बाजाराला आलेले आईबाप पिशव्या दाराशी ठेवतात आणि हा प्रश्न विचारतात. मुलाचं नाव किरण असतं, शीतल असतं, पूनम, कमल किंवा शशी. आधी उत्तर देऊन टाकते: नावानं कुणी बायकी होत नाही. मुलाचा स्वभाव, त्याची आवडनिवड, त्याचं मन कुणाकडे ओढ घेतं, यातलं काहीही बारशाच्या पाळण्यात ठरत नाही. नावामुळे चिडवणाऱ्यांना निमित्त मात्र मिळतं, आणि त्याचा त्रास खरा असतो. "लक्ष नको देऊ" म्हटल्यानं तो जात नाही.

एका मुलाबद्दल सांगते. नाव बदललं आहे, पण त्याच कुळीतलं: सुमन. अकरावीत होता. वडील पुण्याकडे कंपनीत, घरी चार एकर, त्यात थोडा संत्रा. नाव आत्यानं ठेवलं, तिला आवडलं म्हणून. गावच्या शाळेत निभावून गेलं. तालुक्याच्या कॉलेजात पहिल्याच हजेरीला सर मुलींच्या बाकांकडे बघत राहिले आणि वर्ग हसला. त्यात एका प्रमाणपत्रावर 'कु. सुमन' छापून आलेलं. कुमार आणि कुमारी दोन्हींचं 'कु.'च होतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. पोट्टे म्हणायचे, "तुले तं फुकटात भेटन." त्यानं बस सोडली. रोज अकरा किलोमीटर सायकल हाणत यायचा.

पहिल्या दिवशी माझ्या रजिस्टरमध्ये त्यानं 'एस.' आणि आडनाव एवढंच लिहिलं.

अशा मुलांना मी पूर्वी नावं सांगायची. ज्योती बसू १९७७ ते २००० पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते. किरण मोरे भारताचे यष्टिरक्षक होते. त्यालाही सांगितली. त्यानं मान हलवली आणि खाली बघितलं. मोठ्या माणसाचं उदाहरण मुलाला पटतं, पण उद्याच्या हजेरीला ते त्याच्या बाकावर येऊन बसत नाही.

चौथ्या भेटीत मी विचारलं, "नेमकं काय म्हणतात? शब्द सांग."

तो चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "बाई म्हणतेत."

"आणि तू मला काय म्हणतोस?"

त्यानं वर बघितलं. "...बाई."

"मला शिवी देतोस?"

"नाही नाही! तुमाले कायले शिवी देऊ?"

"शब्द तर तोच आहे."

तो गप्प झाला. शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता, तेवढाच आवाज. मी घाई केली नाही. अशा वेळी बोलायचा मोह आवरणं हेच आमच्या कामातलं खरं कसब आहे, आणि ते मी बऱ्याच वर्षांनी कमावलं आहे. थोड्या वेळानं विचारलं, "रात्रीची लाइट आली की वावरात मोटर लावायला कोण जातं?"

"आई."

"एकटी?"

"मी जातो कंदीमंदी. रानडुकरं राहतेत. मले भेव लागते." मग थांबून म्हणाला, "तिले नाही लागत."

हे वाक्य त्याचं त्यालाच ऐकू आलं. चेहऱ्यावर ते दिसलं. गेल्या कित्येक महिन्यांत ज्या शब्दानं त्याची मान खाली जात होती, त्या शब्दात त्याची आई होती, आणि ती त्याच्यापेक्षा धीट होती.

घटना माणसाला जेवढी दुखवते त्याहून जास्त तिला आपण लावलेला अर्थ दुखवतो, या विचारावर माझा पहिल्यापासून भर आहे. पण त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट लख्ख दिसली. आम्ही सगळे नावाची समजूत घालत होतो. 'अरे, हे मुलांचंही नाव असतं' म्हणताना आम्ही त्याला बाईपासून दूरच नेत होतो, म्हणजे चिडवणाऱ्यांचं म्हणणं नकळत मान्य करत होतो. बाई असणं कमीपणाचं आहे, हा अर्थच मोडायला हवा होता.

पुढच्या भेटीला तो स्वतःच एक गोष्ट घेऊन आला. माधान आमच्याच तालुक्यातलं. तिथले संत गुलाबराव महाराज १८८१ सालचे, तान्हेपणीच दृष्टी गेलेले, १९१५ साली देह ठेवलेले. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवून घेत. "आजी रोज हात जोडते त्याइले," सुमन म्हणाला. "अन् दिंडीत मिशावाले बाप्पे एकमेकाइले माउली म्हणतेत. तिथं कोनी हासत नाही." हे मी शिकवलं नव्हतं. मला त्या मुलाचा फार अभिमान वाटला.

चिडवणं लगेच थांबलं नाही. पण हजेरीला तो दबक्या आवाजात 'यस सर' म्हणायचा, ते उभं राहून मोकळ्या आवाजात म्हणायला लागला, आणि कुणी 'बाई' म्हटलं तर "हो, बोल" एवढंच म्हणून वहीत बघायला. दुखत नाही असं दिसलं की पोट्टे दुसरीकडे वळतात. दिवाळीनंतर त्यानं बसचा पास काढला.

आईवडिलांना कळकळीनं सांगते. 'सोनू', 'बंटी' म्हणून नाव झाकू नका. झाकलं की मुलाला वाटतं, यात काहीतरी वाईट आहे. आणि "बायकांसारखा रडू नको" हे वाक्य घरातून काढून टाका. वर्गातली पोरं चिडवायला जो दगड उचलतात, तो त्यांना आपल्याच घरांतून मिळतो. शिक्षकांनी पहिल्या हजेरीला वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव घ्यावं, प्रमाणपत्रावर 'कुमार' पूर्ण लिहावं. एवढ्यानं निम्मं हसू जागीच विरतं.

नाव बदलायला माझी हरकत नाही. राजपत्रात ते रीतसर बदलता येतं. मात्र करायचं तर दहावीचा फॉर्म भरण्याआधी करा, नाहीतर पुढे प्रत्येक कागद जुळवत बसावं लागतं. आणि मूल रडून घरी आलं त्या संध्याकाळी ठरवू नका. दोन-तीन महिने जाऊ द्या, मग त्यालाच विचारा. सुमनला विचारलं तर म्हणाला, "राहू द्या नं. आत्याले वाईट वाटन."

१ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं शासनानं सक्तीचं केलं आहे. सुमन त्याच्या कितीतरी आधीचा, त्याला तो नियम लागू नाही. शेवटच्या भेटीत रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं 'सुमन' लिहिलं, त्यापुढे आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. रकान्यात मावेना, म्हणून आडनाव खालच्या ओळीत गेलं.