पेट्रोल मुरलेल्या मातीत परमँगनेट ओतण्याआधी हे वाचा

तुम्ही विचारलंय की जमिनीखालच्या टाकीतून पेट्रोल गळून माती आणि खालचं पाणी खराब झालंय, तर खोदकाम न करता बोअर मारून पोटॅशियम परमँगनेटचं पाणी सोडलं तर चालेल का. मी या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून सरळच सांगतो, पेट्रोलसाठी परमँगनेट नको.

कारण पेट्रोलमधला सगळ्यात घातक भाग म्हणजे बेंझीन, आणि परमँगनेट बेंझीनला जवळजवळ हातच लावत नाही. टोल्युइन, झायलीन हळूहळू तुटतात पण बेंझीन तसंच राहतं. परमँगनेट खरं चालतं ते ट्रायक्लोरोइथिलीनसारख्या डिग्रीझिंगच्या (यंत्रांवरचं तेल-ग्रीस काढायच्या) सॉल्व्हंटवर, तिथे ते उत्तम आहे आणि मातीत कित्येक महिने टिकतं. बेंझीनला रॅडिकल (क्षणभरच टिकणारे, समोर येईल त्यावर तुटून पडणारे कण) लागतात, आणि ते देणारं म्हणजे एकतर लोहाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड (फेंटनने १८९४ मध्ये दाखवलेली रिअ‍ॅक्शन) नाहीतर अ‍ॅक्टिव्हेट केलेलं, म्हणजे रॅडिकल सुटतील असं चेतवलेलं, पर्सल्फेट. पेरॉक्साइड जोरदार आहे पण काही तासांत नाहीतर फारतर काही दिवसांत संपतं, पर्सल्फेट आठवडे टिकतं म्हणून लांबवर पोचतं. मी तुमच्या जागी पर्सल्फेटचाच विचार आधी केला असता.

आता जिथे बहुतेक लोक फसतात ते. हिशोब करताना सगळे फक्त प्रदूषकाचा करतात. उदाहरणार्थ १ ग्रॅम ट्रायक्लोरोइथिलीन संपवायला कागदावर साधारण २.४ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट लागतं, झालं, तेवढं मागवलं. पण ऑक्सिडंटला (म्हणजे घाण रासायनिक रीतीने जाळणाऱ्या या रसायनांना) माती आणि घाण यातला फरक कळत नाही हो, मातीतला सेंद्रिय भाग, लोह, सल्फाइड जे समोर येईल ते तो आधी खातो. काळी, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची माती असेल तर बहुतेक माल मातीच पिऊन टाकते. म्हणून साइटवरची माती आणि पाणी लॅबमध्ये नेऊन आधी बाटलीत टेस्ट करा, किती ऑक्सिडंट खाल्लं जातंय ते मोजा, आणि मगच ऑर्डर द्या. मातीत चुनखडी जास्त असेल तर कार्बोनेट रॅडिकल खातात आणि फेंटनला हवी तशी आम्लता टिकत नाही, हेही त्याच टेस्टमध्ये दिसेल.

दुसरं म्हणजे चिकणमाती. आमच्या एका साइटवर वाळूचा थर आणि मध्ये मध्ये चिकणमातीचे पट्टे होते, इंजेक्शननंतर तपासणीच्या बोअरचं पाणी एकदम स्वच्छ आलं, सगळे खूश, आणि काही महिन्यांनी आकडे परत वर. ऑक्सिडंट वाळूतून पळून गेलं होतं, चिकणमातीत मुरलेली घाण नंतर सावकाश बाहेर झिरपत राहिली. त्या दिवसापासून मी पहिल्या रिपोर्टवर कधीच साइट बंद करायला सांगत नाही, निदान वर्षभर पाणी बघायचं आणि दुसऱ्या फेरीचे पैसे सुरुवातीलाच धरून ठेवायचे. सॅम्पल घेतानाही बाटलीत उरलेलं ऑक्सिडंट अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडने मारा, नाहीतर लॅबपर्यंत जाता जाता बाटलीतच घाण जळते आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो.

सुरक्षेचं मात्र हात जोडून सांगतो. पाण्यावर पेट्रोलचा थर तरंगत असेल तर तो आधी पंपाने काढा, त्यावर पेरॉक्साइड सोडायचं नाही म्हणजे नाही. उष्णता आणि ऑक्सिजन दोन्ही निर्माण होतात, वाफ जवळच्या तळघरात किंवा गटारात शिरली तर माणसं जातील. मातीत क्रोमियम आहे का तेही बघा, एरवी निरुपद्रवी पडून असलेलं क्रोमियम ऑक्सिडेशनने षट्संयुजी होतं, म्हणजे विषारी आणि पाण्यात विरघळणारं. आणि पर्सल्फेट साध्या लोखंडी पाइपला खातं, तर जमिनीखालच्या लाइन कुठे आहेत त्याचा नकाशा हातात ठेवा.

गळती थांबलीय ना नक्की? आणि पाणी किती खोलीवर आहे, पेट्रोलचा थर दिसतोय का, माती वाळूची की चिकणमातीची, एवढं टाका इथे, मग बोअर किती अंतरावर मारायच्या ते बघू.