वेबकॅम उद्योगात पडद्यामागचे काम: नागपूरच्या एका विद्यार्थ्याला उत्तर

स. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. नाव देऊ नये ही तुमची विनंती पाळली आहे. मात्र इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून पत्राचा आशय थोडक्यात सांगते. तुम्ही मानेवाड्यात राहता, बीसीए झालेले आहात, मिहानमधल्या एका कंपनीत कस्टमर सपोर्टचे कंत्राटी काम करीत होतात आणि ते कंत्राट आता संपले आहे. टेलिग्रामवर ओळख झालेल्या एका एजंटाने प्रौढांसाठीच्या परदेशी वेबकॅम संकेतस्थळांशी संबंधित तीन कामे तुमच्यापुढे ठेवली आहेत: थेट प्रक्षेपणांवर नजर ठेवणारा मॉडरेटर, कलाकारांच्या नावाने ग्राहकांशी बोलणारा चॅट ऑपरेटर, आणि बेसा भागातल्या एका फ्लॅटमध्ये ‘स्टुडिओ असिस्टंट’. मला कॅमेऱ्यासमोर यायचेच नाही, मग यात अडचण काय, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय असे काम बायोडेटात कसे लिहायचे आणि बाबांना काय सांगायचे, हेही विचारले आहे.

तुमच्या प्रश्नाने मी दचकले नाही. हा उद्योग अनेक देशांत उघडपणे, कर भरून चालतो आणि त्यात कॅमेऱ्यासमोर न येणारी माणसे मोठ्या संख्येने काम करतात. कलाकार कॅमेऱ्यासमोर थेट लैंगिक प्रक्षेपण करतात, ग्राहक टोकन म्हणजे संकेतस्थळाचे आभासी नाणे विकत घेतो, ते कलाकाराला देतो आणि संकेतस्थळ मधला वाटा ठेवते. २०११ मध्ये सुरू झालेल्या चॅटरबेट या अमेरिकी संकेतस्थळावर एका टोकनमागे कलाकाराला ५ सेंट मिळतात आणि ग्राहकाने त्याच टोकनासाठी त्याहून बरीच जास्त किंमत मोजलेली असते. या फरकातून सर्व्हर चालतात, पैशांची वसुली होते, ओळखपत्रे तपासली जातात, तक्रारी ऐकल्या जातात आणि जाहिरातदारांचे कमिशनही निघते. रोमानियातले बुखारेस्ट, कोलंबियातली मेडेयीन आणि काली अशा शहरांत तर प्रकाशयोजना, मेकअप, भाषांतर आणि वेळापत्रक सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांसह मोठमोठे स्टुडिओ आहेत. त्या स्टुडिओंचे सगळेच चित्र गोड नाही. कोलंबियातल्या वेबकॅम स्टुडिओंमधील श्रमिकांच्या शोषणावर ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला आहे.

परंतु तुम्ही बुखारेस्टमध्ये नाही, नागपुरात बसून काम करणार आहात, आणि इथे तुमच्या प्रश्नातले गृहीतकच तपासावे लागते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६७ आणि ६७अ हे कॅमेऱ्यासमोर कोण होते एवढेच विचारत नाहीत. अश्लील किंवा उघड लैंगिक कृती दाखवणारा मजकूर जो प्रसिद्ध करतो, जो पाठवतो आणि जो प्रसिद्ध करवतो वा पाठववतो, तो त्यांच्या कक्षेत येतो. कलम ६७अ खाली पहिल्या दोषसिद्धीला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, तर पुन्हा दोषी ठरल्यास कैद ७ वर्षांपर्यंत जाते. संकेतस्थळ परदेशी असल्याने तुमच्या टेबलावरचा संगणक परदेशी ठरत नाही. मुंबईत जुलै २०२१ मध्ये गाजलेल्या, ॲपवर अश्लील चित्रफिती दाखवल्याच्या एका प्रकरणात पोलिसांनी तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यालाही अटक केली होती. अटक म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे खरेच. पण जामिनासाठी खेटे घालणाऱ्या मध्यमवर्गीय घराला तो फरक फारसा दिलासा देत नाही. म्हणून चेहरा दिसतो की नाही हा निकष बाजूला ठेवा आणि प्रत्येक कामाबाबत एकच प्रश्न विचारा: माझ्या कामामुळे हे प्रक्षेपण घडते, की माझ्या कामामुळे त्यातला गैरप्रकार अडतो?

हा निकष लावला की बेसाच्या फ्लॅटचा निकाल लगेच लागतो. कॅमेरा लावणे, दिवे लावणे, लॉग-इन करून देणे आणि आलेले पैसे वाटणे म्हणजे प्रक्षेपण घडवून आणणेच होय. त्यातून त्या फ्लॅटमध्ये येणाऱ्या मुली कोण आहेत, त्या स्वेच्छेने आल्या आहेत का, त्यांचे वय काय, हे तपासण्याची कोणतीही यंत्रणा तिथे नसणार. त्यांपैकी एक जरी अठराच्या आतली निघाली तर बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ब लागू होतील आणि ‘मी फक्त असिस्टंट होतो’ या वाक्याला काडीची किंमत उरणार नाही. तुम्ही लिहिता की एजंटाने ‘सुरुवातीचे पेमेंट तुमच्याच खात्यातून फिरवू’ असे सुचवले आहे. त्या एका वाक्यासाठीच मी हा प्रस्ताव नाकारला असता. दुसऱ्याचे पैसे स्वतःच्या खात्यातून फिरवणाऱ्याचे खाते आधी गोठते आणि चौकशी नंतर होते. एजंटाला या कामाचा नकार कळवून मोकळे व्हा, आणि तुमचे आधार किंवा बँकेचे तपशील आधीच दिले असतील तर बँकेला आजच सूचना द्या. त्या तपशिलांवरून पैशांचा काही घोळ झाला, तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइन क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा.

चॅट ऑपरेटरचे काम वरवर निरुपद्रवी दिसते, कारण त्यात नुसते टंकलेखन असते. प्रत्यक्षात तुम्ही कलाकार स्त्रीच्या नावाने, तिच्या आवडीनिवडींची यादी समोर ठेवून, रात्रपाळीत एकाच वेळी अनेक ग्राहकांशी जवळीक साधणारे संवाद लिहिता आणि प्रत्येक संवादातून किती खरेदी झाली यावर तुमचा पगार ठरतो. समोरचा माणूस पैसे मोजतो ते आपण तिच्याशीच बोलतो आहोत या समजुतीवर. लैंगिक मजकूर लिहून पाठवणे कायद्याच्या कक्षेत येऊ शकते हा एक भाग, आणि रोज आठ तास फसवणुकीचा सराव होतो हा दुसरा. या अनुभवातून हाती लागणारे कौशल्य पुढच्या कोणत्याही चांगल्या नोकरीत दाखवता येत नाही, म्हणून करिअर म्हणूनही हे काम मला पोकळ वाटते.

मॉडरेटरच्या कामावर मात्र थांबून विचार करायला हवा. पडद्यावर एकाच वेळी अनेक खोल्यांची लहान चित्रे दिसत असतात. एका खोलीत नोंदणी झालेली स्त्री एकटी आहे. अचानक दार उघडते आणि दुसरी व्यक्ती चौकटीत येते. त्या व्यक्तीचे ओळखपत्र आणि संमती नोंदीत आहे का, हे मॉडरेटरने तत्काळ पाहायचे असते आणि नसेल तर प्रक्षेपण थांबवायचे असते. कलाकार झोपेत, नशेत किंवा कोणाच्या दबावाखाली दिसली तरीही तेच. ही केवळ सौजन्याची बाब नाही. चित्रणातील प्रत्येक व्यक्तीच्या वयाचे पुरावे जतन करण्याची सक्ती अमेरिकी संघराज्य कायद्यात कलम २२५७ नुसार आहे. मास्टरकार्डनेही १५ ऑक्टोबर २०२१ पासून प्रौढ संकेतस्थळांशी व्यवहार करणाऱ्या बँकांसाठी वय, ओळख आणि संमतीच्या पडताळणीचे कडक नियम लागू केले. थेट प्रक्षेपणांवर देखरेखही त्यातच येते. कार्डकंपनीने हात काढून घेतला तर संकेतस्थळाचा धंदा बसतो, म्हणून मॉडरेटरला तिथे पगार मिळतो.

हे काम गैरप्रकार अडवणारे आहे, त्यामुळे माझ्या निकषावर ते बरेचसे उतरते. तरीही दोन अडचणी राहतात. पहिली मनाची: अशा कामात नको ते पाहावे लागते आणि ते डोळ्यांपुढून हलत नाही. फेसबुकने २०२० मध्ये अमेरिकेतील आपल्या मॉडरेटरांना मानसिक आघातापोटी ५ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मान्य केली, यावरून त्या त्रासाची कल्पना यावी. कंपनी समुपदेशन देते का, चित्रे धूसर किंवा कृष्णधवल करून पाहण्याची सोय आहे का, सलग किती तास बसावे लागते, हे मुलाखतीतच विचारावे. दुसरी अडचण घरून काम करण्याची. मानेवाड्यातल्या घरी, ज्या खोलीत तुमची लहान बहीण अभ्यास करते त्याच खोलीत, स्वतःच्या लॅपटॉपवर अशी प्रक्षेपणे उघडी ठेवणे मला अजिबात मान्य नाही. मुलांविषयीचे काही आक्षेपार्ह चित्र चुकून जरी तुमच्या यंत्रावर साठले, तरी स्पष्टीकरण देत बसावे लागेल ते तुम्हालाच. हे काम करायचेच असेल तर ते कंपनीच्या कार्यालयात, कंपनीच्या यंत्रावर, लेखी कराराने, आणि करार एकदा वकिलाला दाखवून. फौजदारी आणि सायबर प्रकरणे हाताळणारे वकील नागपूर खंडपीठाच्या परिसरात सहज भेटतील; त्यांच्या सल्ल्याचे शुल्क वाचवू नका.

माझा खरा आग्रह वेगळा आहे. या उद्योगाला लागणारी जी कौशल्ये इतर दहा उद्योगांनाही लागतात, ती शिका आणि नोकरी अशा कंपनीत शोधा जी अनेक उद्योगांना सेवा देते. वय पडताळणीचेच पाहा. ब्रिटनमध्ये ऑनलाइन सेफ्टी ॲक्टखाली २५ जुलै २०२५ पासून अश्लील संकेतस्थळांना ग्राहकाचे वय भक्कमपणे तपासणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी २७ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास राज्याचा अशाच स्वरूपाचा कायदा वैध ठरवला. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये पॉर्नहब आणि एक्सव्हिडिओजबरोबर स्ट्रिपचॅट या वेबकॅम संकेतस्थळालाही अतिमोठ्या मंचांच्या यादीत घालून जोखमीचे मूल्यमापन सक्तीचे केले. (स्ट्रिपचॅट २०२५ मध्ये त्या यादीतून वगळले गेले.) या प्रत्येक निर्णयामागे ओळखपत्र वाचणारी प्रणाली, चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेणारे सॉफ्टवेअर, त्याची चाचणी घेणारे आणि अपिले तपासणारे कर्मचारी लागतात. हीच प्रणाली बँकांचे केवायसी, ऑनलाइन गेमिंग आणि मद्यविक्री यांनाही लागते. बीसीए झालेल्या मुलाला सॉफ्टवेअर टेस्टिंगमधून इथे शिरता येते.

पैशांच्या बाजूलाही असेच आहे. कार्डकंपन्या अशा विक्रेत्यांना सहसा ५९६७ या संकेतांकाखाली, म्हणजे जास्त जोखमीच्या गटात ठेवतात, कारण ग्राहकांनी झालेला व्यवहार नाकारून पैसे परत मागण्याचे (चार्जबॅकचे) प्रमाण मोठे असते. (बायकोने कार्डाचे विवरण पाहिले की ‘ही खरेदी मी केलीच नाही’ असे बँकेला कळवणारे सद्गृहस्थ जगभर आहेत.) हे चार्जबॅक हाताळणे, खरी फसवणूक आणि खोटी तक्रार यांतला फरक ओळखणे, हे कस्टमर सपोर्टचा अनुभव असलेल्या माणसासाठी अगदी जवळचे पाऊल आहे आणि कोणत्याही पेमेंट कंपनीत त्याला मोल आहे. तंत्राची ओढ असेल तर थेट व्हिडिओ शिका. टोकन पडल्यावर कलाकाराचा प्रतिसाद लगेच दिसला नाही तर संवाद तुटतो, म्हणून हा उद्योग कमी विलंबाच्या प्रक्षेपणामागे फार आधीपासून लागला. त्यासाठी उपयोगी पडणारे वेबआरटीसी हे तंत्र जानेवारी २०२१ मध्ये अधिकृत मानक झाले आणि आज डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला, शिकवणी आणि मुलाखती यांतही ते वापरले जाते.

संमतीविना पसरवलेली चित्रे हटवण्याचे क्षेत्रही मी सुचवीन. चित्राचा डिजिटल ठसा घेऊन त्याची प्रत पुन्हा चढवली जाऊ नये अशी व्यवस्था मायक्रोसॉफ्टच्या फोटोडीएनएने २००९ पासून मुलांवरील अत्याचाराच्या चित्रांसाठी केली, आणि २०२१ मध्ये सुरू झालेला स्टॉपएनसीआयआय हा उपक्रम त्याच धर्तीवर प्रौढांना मदत करतो. ज्यांची चित्रे चोरून पसरतात त्यांत वेबकॅम कलाकार स्त्रियाही असतात, आणि त्यांच्याकडे ‘तिने आधीच दाखवले, मग आता काय’ अशा नजरेने न पाहणारा कर्मचारी या कामात हवा असतो. तुमच्या पत्रातला सूर वाचून तुम्ही तसे व्हाल असे मला वाटते. ट्रस्ट अँड सेफ्टी प्रोफेशनल असोसिएशन या, ऑनलाइन मंचांवरची सुरक्षा सांभाळणाऱ्यांच्या, २०२० मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचा अभ्यासक्रम जालावर विनामूल्य वाचता येतो. सुरुवात तिथून करा. या कामाच्या मोठ्या तुकड्या हैदराबाद आणि गुरुग्राम इथे आहेत, त्यामुळे निदान पहिली दोन-तीन वर्षे नागपूर सोडण्याची तयारी ठेवा.

पुढे परदेशात नेतो म्हणणारा एखादा एजंट भेटला तर त्याबाबत थोडक्यात: ‘थायलंडला डिजिटल मार्केटिंगची नोकरी’ म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये डांबून फसवणुकीचे धंदे करायला लावल्याचे प्रकार घडल्यावर परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर सूचना काढली होती. एजंट नोंदणीकृत आहे की नाही ते याच मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासल्याशिवाय पासपोर्ट कोणाच्याही हाती देऊ नका.

बायोडेटात खोटे लिहू नका, पण सगळेच लिहिण्याचीही गरज नाही. ‘लाइव्ह व्हिडिओ मंचावर वय व संमती पडताळणी’ हे वर्णन खरे आहे आणि पुरेसे आहे. मुलाखतीत विचारले तर मंच प्रौढांसाठीचा होता हे सरळ सांगा आणि लगेच तुमच्या कामाचे नेमके स्वरूप सांगा. कंपनीचे नाव सांगायला संकोच वाटेल अशा ठिकाणी रुजू न होणे हेच सोयीचे.

बाबा निवृत्त शिक्षक आहेत आणि तुम्ही त्यांच्याशी आजवर पैशांखेरीज काही बोलला नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. कोणताही प्रस्ताव स्वीकारण्याआधी त्यांच्याशी बोला, आणि बोलताना उद्योगाच्या नावापासून सुरुवात करण्याऐवजी कामापासून करा: अठराखालच्या मुलांना या मंचांपासून दूर ठेवणारी यंत्रणा तपासण्याचे काम आहे, ते अमुक कंपनीत आहे, करार हा असा आहे. शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे काम समजेल. दरम्यान मॉडरेटरच्या कामाबाबत त्या एजंटाला एवढेच लिहून विचारा की नियुक्तिपत्र कोणत्या नावाच्या कंपनीचे असेल, ती कोणत्या देशात नोंदलेली आहे आणि पगार कोणत्या खात्यातून येईल. त्याचे उत्तर आले तर ते आणि कराराचा मसुदा मला पाठवा. ‘आधी तीन हजार भरा, मग सांगतो’ असे आले तर पाठवण्याची तसदी घेऊ नका.

आपली,
करिअर मार्गदर्शक, नागपूर